ॲपवरचा ढग आणि अगाशीवरचा पाऊस

हवामानाच्या आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला बडोद्यात दोनदाच भाव मिळतो, एकदा उत्तरायणाच्या आधी आणि एकदा विश्वामित्री नदी चढायला लागली की. या वेळी मात्र पत्रे दोन्ही हंगामांची आली आहेत. जमतील तेवढी घेतो.

प्रश्न : माझे मांडव आणि केटरिंगचे काम आहे. नवरात्रात एका ॲपवर कोरडे दिसत होते, दुसऱ्यावर ढग, पाऊस, वीज सगळेच. पार्टीला काय सांगायचे? खरे कोण? (दांडिया बाजार)

दोघांपैकी एकानेही आपल्या आभाळाकडे पाहिलेले नसते. ॲप हा वाढपी. स्वयंपाक दुसरीकडे होतो, आणि जगात असे मोठे मुदपाकखाने, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणारी मॉडेल, मोजकेच आहेत. अमेरिकेचे जीएफएस, युरोपीय हवामान केंद्राचे आयएफएस, जर्मनीचे आयकॉन, आणि मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या जाळीवर चालणारी आपली भारत फोरकास्ट सिस्टिम. एकाने जीएफएसचे ताट वाढले आणि दुसऱ्याने युरोपचे, तर चव वेगळी लागणारच.

त्यात ताट किती मोठे हेही पाहा. जीएफएसचा जो डेटा ॲपवाले सर्रास फुकट घेतात, त्याचा एक चौकोन आपल्याकडे साधारण २८ किलोमीटर लांब आणि २६ किलोमीटर रुंद असतो. हरणीचा विमानतळ, मांडवी आणि मांजलपूर त्या एका चौकोनात सहज मावतात. मिळणारा आकडा त्या सगळ्या पसाऱ्याचा असतो. आश्विनातला गडगडाटी ढग मात्र पाच-सात किलोमीटरचा. कारेलीबागेत पाणी तुंबते आणि अकोट्यात गरबा रंगतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी गोम वेळेची. जीएफएसची गणिते दिवसातून चार वेळा सुरू होतात, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ५.३०, सकाळी ११.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ११.३० वाजता. पूर्ण व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणजे सकाळी सातच्या चहाबरोबर तुम्ही जो अंदाज वाचता, तो फार तर आदल्या रात्री ११.३० च्या स्थितीवरून काढलेला असतो. फोन बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर असेल, तर स्क्रीनवरची पट्टी त्याहूनही शिळी. चांगले ॲप ‘शेवटचे अद्यतन’ कधीचे ते दाखवते. जे दाखवत नाही, ते मी माझ्या फोनवर ठेवत नाही.

आणि तिसरे ते चित्र. बरीच ॲप्स दिवसातला सर्वात वाईट तास निवडून त्याचेच चित्र अख्ख्या दिवसाला चिकटवतात. पहाटे तीनला ०.३ मिलिमीटर शिंतोडे, आणि दिवसभराच्या कपाळी काळा ढग! तेव्हा पार्टीला चित्र दाखवू नका. तासवार पान उघडा, संध्याकाळी सहा ते रात्री बारा एवढाच भाग पाहा आणि मिलिमीटर वाचा. त्या दिवशी दुपारनंतर तर मॉडेलही बाजूला ठेवा आणि हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहा.

प्रश्न : उत्तरायणाला एका ॲपवर वारा ४ होता, दुसऱ्यावर १४. पतंग मात्र झकास चढले. ४ वाले ॲप काढून टाकू का? (रावपुरा)

नको! ते बिचारे बरोबर होते. एक मीटर प्रतिसेकंद म्हणजे ३.६ किलोमीटर प्रतितास. चाराला गुणून पाहा, १४.४ येतात. वारा एकच, माप दोन. काही ठिकाणी तर नॉटमध्ये देतात (१ नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर प्रतितास). आणखी एक, हा आकडा मोकळ्या जागेवर जमिनीपासून १० मीटर उंचीच्या सरासरी वाऱ्याचा असतो. पाच मजली अगाशीवर, शेजारी सात मजली इमारत असताना, काय मिळेल ते तुमचा मांजाच सांगेल.

प्रश्न : ‘पावसाची शक्यता ४०%’ म्हणजे शहराच्या ४०% भागात पाऊस, की दिवसाच्या ४०% वेळेत? सूनबाई म्हणतात पहिले, मी म्हणते दुसरे. (अलकापुरी)

आजी, ॲपपुरते बोलायचे तर दोघींचेही चुकले. मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपीय केंद्र अशा ५१ आवृत्त्या चालवते. त्यातल्या वीस-एकवीस आवृत्त्यांत तुमच्या चौकोनावर पाऊस आला, की शक्यता ४०% धरायची. ॲपवाले त्यावर आपापले संस्कार करतात, पण गाभा हाच. पाऊस किती येईल हे या आकड्यात नसते. ९०% शक्यतेची भुरभुर असू शकते आणि ३०% शक्यतेची झोडपणूकही.

आता सूनबाईंच्या बाजूने. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द येतात, ते मात्र जागेचेच माप आहे. तुरळक म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, बहुतांश म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. तेव्हा अर्धे गुण त्यांना द्यावेत.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. आमची सोसायटी विश्वामित्रीपासून जवळ आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पार्किंग बुडाले होते. हवामानाचा डेटा घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर आपोआप इशारा टाकणारा प्रोग्रॅम लिहितो आहे. काय सांभाळू? (फत्तेगंज)

हे पत्र वाचून बरे वाटले. जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली आहे. नव्या उमेदीत मी एका प्रवेशद्वाराजवळच्या पडद्यासाठी पावसाचा आकडा जोडून दिला होता. एका रात्री डेटा येणेच बंद झाले आणि माझ्या प्रोग्रॅमने रिकाम्या जागेचा अर्थ शून्य लावला. बाहेर धो धो कोसळतोय आणि पडद्यावर ‘पाऊस ० मिमी’! वॉचमनने दुसऱ्या दिवशी ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. ‘आकडा नाही’ आणि ‘आकडा शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा जुना किंवा गायब असेल, तर तसे स्पष्ट लिहा.

दुसरे, एकके आणि बेरजा. युरोपीय केंद्राच्या मूळ फाइलींत पाऊस मीटरमध्ये असतो आणि अंदाजाच्या सुरुवातीपासूनची बेरीज असतो. ०.०२ दिसले म्हणजे २० मिलिमीटर, आणि एका तासाचा पाऊस हवा तर आधीच्या तासाचा आकडा वजा करायचा. जीएफएसची बेरीज दर सहा तासांनी नव्याने सुरू होते. ओपन-मीटिओसारखी सेवा ही कटकट सोडवून तासवार मिलिमीटर हातात देते, आणि बिनव्यापारी कामाला ती मोफत आहे. सुरुवात तिथून करा. पण दर मिनिटाला विचारत बसू नका. मॉडेल सहा तासांनी बदलते. तासातून एकदा विचारणे पुष्कळ झाले, मधल्या वेळात आलेले उत्तर जपून ठेवा.

तिसरे, घड्याळ. सगळा डेटा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येतो, आपण साडेपाच तास पुढे. तो ‘साडे’ विसरला की सगळे अर्ध्या तासाने सरकते. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. ॲपचा दिवस मध्यरात्री संपतो, म्हणून ‘कालचा पाऊस’ दोन ठिकाणी दोन निघतो.

आता खरा मुद्दा. तुमच्या सोसायटीवर पडणारा पाऊस हा पुराचा नीट इशारा नव्हे. २०१९ च्या ३१ जुलैला शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर कोसळला, तेव्हा काय ते वेगळे. पण विश्वामित्री पावागडाकडून येते आणि आजवा तलावाचे पाणी तिलाच मिळते. फत्तेगंजात ऊन पडलेले असतानाही ती चढू शकते. म्हणून पावागड, हालोल, आजवा इथले बिंदूही प्रोग्रॅममध्ये घ्या. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’, ही खात्याची वर्गवारी उंबरठा म्हणून वापरा. नदीची पातळी आणि आजव्याची पातळी मात्र कोणत्याही मॉडेलकडून घेऊ नका, पालिका जाहीर करते तीच घ्या. धोक्याची खूण २६ फूट. २०२४ ला पाणी ३५ च्या वर गेले होते. २२ फुटांना ‘गाड्या हलवा’ असा निरोप जायला हवा, २६ ला नव्हे, कारण तोवर रस्त्यावर गाडीऐवजी नदीतल्या मगरीला वाट द्यावी लागेल.

आणि स्वतःचा ‘रेड अलर्ट’ काढू नका. लाल, केशरी, पिवळा हे रंग हवामान खात्याचे. अधिकृत इशारा शब्द न बदलता पुढे पाठवा, तुमचा अंदाज खाली वेगळा लिहा.

प्रश्न : फोन अचानक भोंग्यासारखा वाजला आणि पावसाचा इशारा आला. मी घाबरून बंद केला. ही फसवणूक तर नाही? (वाघोडिया रोड)

बहुधा नाही. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. निरोप तुमच्या नंबरवर येत नाही, टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम येतो. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हाही लोक असेच दचकले होते. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून असे इशारे निघतात. खरा इशारा ओटीपी मागत नाही, पैसे मागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ‘हवामान’ नावाची फाइल मात्र उघडू नका. ॲप हवे तर प्ले स्टोअरवरून हवामान खात्याचे ‘मौसम’ घ्या.

प्रश्न : डभोईजवळ आमची कपाशी आहे. फवारणीसाठी काय पाहू?

‘मेघदूत’. शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून आहे. जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. सल्ला शुक्रवारचा आणि फवारणी सोमवारी असेल, तर मधल्या दिवसांचा ताजा अंदाज पाहूनच पंप खांद्याला लावा. विजांसाठी ‘दामिनी’ वेगळे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले, शेतावर असताना ते चालू असावे.

प्रश्न : मुलीचे लग्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अजून चाळीस दिवस आहेत. ॲप म्हणते त्या दिवशी दुपारी ४ ला कोरडे. मांडव उघडा घालू का? (सुरसागर)

चाळीस दिवसांनंतरच्या दुपारी चारचे सांगणारे ॲप आधी काढून टाका. दहाएक दिवसांपलीकडे तासवार अंदाजाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे दिसते ती बहुधा जुन्या वर्षांची सरासरी नव्या कपड्यांत. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, तोही आठवड्याच्या मापाने, तासाच्या नाही. लग्नाला दोन आठवडे उरले की तो पाहायला लागा. मांडव पत्र्याचाच सांगा, आणि केटरिंगवाल्यांना चुली आडोशाला मांडायला सांगा.