साडेसहाशे ताटात, अडीचशे पोटात

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तू टाकलेला मेसेज मी सकाळी चहा ठेवून वाचायला घेतला आणि चहा उतू गेला. आहारतज्ज्ञ व्हायला तू इंटर्नशिप करतेयस त्या वॉर्डातले, आतड्याचं तातडीचं ऑपरेशन झालेले आजोबा, फुल डाएट म्हणजे नेहमीचं जेवण सुरू होऊन आठ दिवस, तुझ्या चार्टवर रोजच्या १८०० कॅलरी, आणि वजन मात्र दोन किलोंनी उतरलेलं. राउंडला सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अठराशे देताय ना? मग जातात कुठे?" तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वर आहार विभागाच्या हेडची बोलणी. रात्री रूमवर बसून तू तोच हिशेब तीनदा केलास, तिन्ही वेळा अठराशेच आले. आता मला विचारतेस की माझं गणित कच्चं आहे का, आणि ती वजन उतरवून देणारी ऑनलाइन कंपनी महिना पंचवीस हजार देतेय तर जाऊ का.

गणित पक्कं आहे. मीही करून पाहिलं. पण ते आजोबांचं नाही, ट्रॉलीचं गणित आहे. दुपारी एकला ट्रॉली वॉर्डात येते तेव्हा कुठल्या ताटात काय आहे हे तुला पाठ असतं. दोनला तीच ट्रॉली पॅन्ट्रीत परत जाते तेव्हा तू कुठे असतेस? केस पेपर भरत बसलेली असतेस. मीही तिथेच बसायचे.

परत आलेलं ताट बघ. माझ्याकडे तुला सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकी तुझ्या पुस्तकात आहे.

आजोबांचं दुपारचं ताट घे. तीस ग्रॅम कणकेच्या तीन चपात्या म्हणजे तीनशे कॅलरी. वाटीभर भात शंभर, वाटीभर वरण शंभर, भाजी तेलासकट शंभर धर, दही साठ. झाले साडेसहाशेच्या वर. आता समज, चपात्या तशाच परत आल्या, भाजी नुसती चिवडलेली, आणि गेलं काय, तर भात, वरण, दही. म्हणजे ताटात साडेसहाशे आणि पोटात अडीचशे. तू केस पेपरवर कुठला आकडा लिहिलास? सरांनी प्रश्न बरोबर विचारला होता गं. सगळ्यांसमोर विचारायला नको होता, ते वेगळं.

तू लिहिलंयस, "ते भूक नाही म्हणतात." सतरा-अठरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय आणि त्याचा अर्थ भूक नाही असा क्वचितच निघालाय. आज गुरुवार आहे. शेजारच्या कॉटवर बेडपॅन आहे. सून समोर बसलीय आणि भरवून घ्यायची लाज वाटते. भाजीत कांदा-लसूण आहे. यातलं काहीही "भूक नाही" होऊन तुझ्या कागदावर येतं. ताट इतकं खोटं बोलत नाही.

आता माझं ऐक. २००८ साली मी तुझ्याच जागी होते, इंटर्नशिपचा चौथा महिना. कुठलं हॉस्पिटल ते राहू दे. साताऱ्याकडचे एक काका किडनीच्या वॉर्डात होते. मी त्यांचा चार्ट इतका सुंदर लिहिला होता की हेडने तो बाकीच्या मुलींना दाखवला. मीठ कमी, पोटॅशियम कमी, भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. डिस्चार्जच्या दिवशी काकूंना अर्धा तास बसवून समजावलं. तीन आठवड्यांनी काका रात्री परत आले, रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवावर बेतेल इतकं. तातडीने डायलिसिस करावं लागलं. वाचले, पण त्यात माझा काही हात नाही.

सकाळी मी काकूंना जवळजवळ ओरडलेच, काय खायला घातलंत म्हणून. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. मुलाने शहरातल्या मोठ्या दुकानातून महागाचं आणलेलं 'कमी सोडियम'चं मीठ. "तुम्हीच म्हणालात ना, मीठ जपून. यांना अळणी जात नाही, म्हणून हे आणलं." आणि त्यात सोडियम कमी करून त्या जागी काय घालतात? पोटॅशियम क्लोराइड. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, मार्कही मिळाले होते. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा किडनीचा आजार असलेल्यांना त्यातून वगळलं. ते वाचताना मला पुन्हा त्या पिशवीतलं पाकीट दिसलं.

पण चूक मिठाची नाही. ट्रॉली ढकलणाऱ्या मावशींपाशी मी रडत होते, तर त्या म्हणाल्या, "ते काका होय? चटणी-भाकरीवाले. सहा दिवस होते, अळणी भाजीला बोट नाही लावलं त्यांनी. मला वाटलं तुम्हाला माहितीच असेल." सहा दिवस, दोन वेळा, बारा ताटं. एक जरी मी पाहिलं असतं तरी कळलं असतं की हा माणूस घरी गेल्यावर चवीसाठी वाट शोधणारच. मग मीच सांगितलं असतं लिंबू थोडं, जिरं, ओली मिरची, लसूण. आणि त्या मिठाचं नाव घेऊन सांगितलं असतं, की हे नको. मावशींना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं आणि कोट मी घातला होता.

तेव्हापासून मी ट्रॉलीपाशी उभी राहते. मला वॉर्डात 'खरकटं मॅडम' म्हणायचे, सिस्टर लोक तोंडावर म्हणायच्या. म्हणू देत.

रिकामं ताटही बघायचं असतं, हे मात्र फार उशिरा कळलं. इन्सुलिनवरच्या काही पेशंटांची नाश्त्याची ताटं चाटूनपुसून यायची. सगळ्यांना आनंद, पोहे आवडले म्हणून. मी वेळा लिहून काढल्या. रात्रीचं जेवण साडेसहाला, कारण किचनची पाळी आठला सुटते. नाश्ता साडेआठला. मध्ये चौदा तास! पोहे कसले आवडतायत, पहाटे साखर उतरून माणसं घामाघूम होत होती. मी रात्री नऊला कपभर दूध मागितलं. माणसं नाहीत, म्हणाले. दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये मी तेच एक दूध मागत राहिले आणि शेवटी मिळालं. हेडची जागा मात्र माझ्यामागून आलेल्या मुलीला मिळाली. "तुमचं कागदी काम मागे असतं," हे कारण. असेलही. दुपारी दोन ते तीन मी पॅन्ट्रीत असेन तर कागद मागे पडणारच ना? मी आळशी नव्हते. हे तुला का सांगतेय कोण जाणे. तुला वाटेल, मॅडमना पदाचं दुःख आहे. आहे थोडं.

नळीने फीड देतात तिथे तर हे बघणं अजून सोपं आहे. दर दोन तासांनी २०० मिली, दिवसात आठ वेळा, १६०० मिली, चार्ट एकदम सरळ. मग स्कॅनसाठी उपाशी ठेवलं, दोन फीड गेले. उलटी झाली, एक थांबवलं. पेशंट फिजिओला होता, एक राहिलं. थर्मास उचलून बघ, हाताला वजन कळतं. चार्टवर सगळीकडे सह्या असतील.

कंपनीचं म्हणशील तर पैशावर मी बोलणार नाही. तुला स्टायपेंड नाही, रूमचं भाडं आहे, आणि माझ्या वेळी वडील पैसे पाठवत होते. त्यामुळे त्यागाची भाषा माझ्या तोंडी शोभत नाही. पण तिथलं काम तू मला सांगितलंस तसंच असेल, तयार साच्यात नाव आणि वजन भरायचं, रोज चाळीस जणींना पाठवायचं, तर एक लक्षात घे. तिथे ताट परत येत नाही. फोटो येईल, तोही जेवायच्या आधीचा. तू तिथे दहा वर्षं हुशार राहशील आणि आपण लिहिलेलं कुणी खाल्लं की नाही हे तुला कधीच कळणार नाही. इंटर्नशिप पुरी केल्याशिवाय आरडीच्या, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या, परीक्षेलाही बसता येत नाही, ते तुला माहीत आहे. सहातले तीन महिने झालेत. उरलेले कर आणि मग जायचं तर जा. मी रागावणार नाही. रागावेन, पण बोलणार नाही.

आता आजोबा. चपात्या परत येतात आणि भात-वरण जातं हा माझा अंदाज आहे, तू बघितलेलं नाहीस म्हणून मला अंदाज करावा लागतोय! पण तातडीचं ऑपरेशन म्हटल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट येते ती कवळीची. भूल द्यायच्या आधी कवळी काढून नातेवाइकांच्या हातात देतात. रात्रीची वेळ, घाबरलेला मुलगा ती रुमालात गुंडाळून खिशात टाकतो, घरी जातो, पँट धुवायला पडते. आणि आजोबा, न कुरकुरणारे असतील तर, आठ दिवस चपातीकडे बघत "भूक नाही" म्हणत राहतात. तुझ्या चार्टवर फुल डाएट.

उद्या सकाळी आधी त्यांना तोंड उघडायला सांग. दात नसतील तर मुलाला फोन लाव, आणि कवळी येईपर्यंत सॉफ्ट डाएट: मऊ खिचडी वर तूप, दुधात कुस्करलेली चपाती, शिरा, अंडं खात असतील तर अंडं. दात असतील तर माझा अंदाज चुकला, दुसरं शोधू. काहीही निघो, दोनला पॅन्ट्रीपाशी उभी राहा आणि मावशींना विचार, त्यांना आठही दिवसांचं पाठ असेल. काय परत आलं ते मला लिहून पाठव. 'थोडं', 'बरंचसं' असं नको, वाटीच्या हिशेबात.