घाट उतरताना ब्रेक सैल का पडतो?

प्रश्न : माझी मोटारसायकल १५ वर्षांची आहे. शहरात पुढचा डिस्क ब्रेक नीट लागतो. मात्र जाम दरवाज्याचा घाट उतरून महेश्वरला जाताना लिव्हर मऊ पडून मुठीला टेकतो. पॅड नवेच आहेत. – एक वाचक, इंदूर

उत्तर : दोष बहुधा ब्रेक ऑइलचा आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि घाटात सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापून आत वाफेचे बुडबुडे झाले, की हाताचा सारा जोर तेच दाबण्यात खर्ची पडतो. गाडी निवली की ब्रेक पूर्ववत होतो, म्हणूनच हा दोष गॅरेजमध्ये सहसा पकडला जात नाही. हँडलवरील टाकीची काच पाहावी : ऑइल काळ्या चहासारखे दिसत असेल तर झाकणावर लिहिलेल्याच प्रकारचे, सीलबंद डब्यातील ऑइल भरून सगळी हवा काढून घ्यावी. लिव्हर दाबताना रबरी नळी फुगत असल्यास तीही बदलावी. हे होईपर्यंत कृपया घाटात जाऊ नये.