वाचकांचे प्रश्न : ऑलिव्ह तेल, तिखटात आणि गोडात

प्रश्न (नाशिक) : एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची नवी बाटली उघडून चमचाभर चाखलं, तर जीभ कडू झाली आणि घशाला ठसका लागला. तेल भेसळीचं असेल का? फ्रिजमध्ये गोठलं तर शुद्ध, असं एका मैत्रिणीने सांगितलं. ते खरं का?

ठसका ही या तेलाच्या ताजेपणाची खूण आहे. फळं हिरवी असतानाच तोडून तेल काढलं, की त्यात ओलिओकँथाल नावाचा घटक भरपूर राहतो आणि तोच घशाच्या मागच्या बाजूला झोंबतो. कडूपणाही फळातल्याच पॉलिफेनॉलचा. महिने जातात तसे दोन्ही कमी होत जातात.

घाबरायचं ते खवटपणाला. छोट्या वाटीत दोन चमचे तेल घ्या, वाटी तळहातात धरून वर दुसरा हात झाका आणि मिनिटभराने वास घ्या. कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या देठाचा, हिरव्या केळ्याचा वास आला तर तेल उत्तम. जुन्या शेंगदाण्याचा किंवा मेणाच्या खडूचा वास आला, तर ते तेल कच्चं वापरू नका आणि शिजवूनही वापरू नका.

फ्रिजची परीक्षा मात्र सोडून द्या. तेल गोठणं त्यातल्या मेणावर आणि मेदाम्लांच्या प्रमाणावर ठरतं. अस्सल तेलही काही वेळा पातळ राहतं आणि रिफाइंडही गढूळ होतं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ठरायला मुक्त आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत लागते आणि चाखणाऱ्यांना वासा-चवीत एकही दोष सापडता कामा नये. ही आम्लता जिभेला कळत नाही, ती प्रयोगशाळेतच मोजतात. आपल्या हातात नाक आहे आणि लेबलवरची तारीख आहे. भूमध्य समुद्राकाठची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडतात. तोडणीचं वर्ष छापलेली बाटली मिळाली तर तीच घ्या.

प्रश्न (सोलापूर) : या तेलाची फोडणी केली तर ते विषारी होतं म्हणतात. मग रोजच्या भाजीला वापरायचं की नाही?

विषारी होत नाही. चांगलं ताजं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल साधारण 190 ते 210 अंश सेल्सिअसला धुरावतं आणि तळणीचं तेल 170 ते 180 अंशांवर असतं. स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियात, मासे ऑलिव्ह तेलातच तळतात. एवढंच सांभाळायचं, की लोखंडी कढईत तेलाचा पातळ थर आणि मोठी आच असली तर तेल पाहता पाहता दोनशे अंशांच्या पुढे जातं. धूर दिसला तर ते टाकून द्या, मग ते कुठलंही तेल असो.

तरी फोडणीला ते घालू नका असंच आम्ही सांगू, कारण पैसे वाया जातात. या तेलाची किंमत त्याच्या वासाची असते. तापवल्यावर तो वास उडतो आणि उरलासुरला हिंग-मोहरी-कढीपत्त्याखाली दबतो. फोडणीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेलच शोभतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा घेतला की त्यावर आपण कच्चं तेल सोडतो ना, ती जागा या तेलाची. उकडलेली चवळी, भाजलेलं वांगं, वाफवलेला फ्लॉवर गॅसवरून उतरवायचा, मीठ-लिंबू घालायचं आणि ताटाला एक ते दोन छोटे चमचे, म्हणजे 5 ते 10 मिली, तेल वरून सोडायचं. गरम पदार्थावर पडताच वास उठतो.

प्रश्न (ठाणे) : फोकाच्या (ऑलिव्ह तेलातला इटालियन सपाट ब्रेड) दोनदा केला. दोन्ही वेळा पावासारखा कोरडा झाला आणि खालून पांढराच राहिला. तेल मात्र पीठ मळतानाच वाटीभर घातलं होतं.

चूक तिथेच झाली. शंकरपाळ्यांत मोहन कशासाठी घालतो? तेल मैद्याच्या कणांवर बसतं, पाणी आत जाऊ देत नाही, चिवट ताणे धरत नाहीत आणि शंकरपाळी खुसखुशीत होते. फोकाच्याला याच्या उलट हवं. मैद्याने आधी पाणी प्यायला हवं, तेल नंतर. शिवाय बरंचसं तेल पिठात जातच नाही, ते ट्रेमध्ये आणि वर घालायचं असतं.

500 ग्रॅम मैदा, 340 मिली पाणी, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 10 ग्रॅम मीठ कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग 2 मोठे चमचे (30 मिली) तेल घालून हाताने जिरवा. पीठ परातीला चिकटेल, पण वरून मैदा भुरभुरवू नका. पावासारखा कोरडेपणा त्या भुरभुरवण्यानेच येतो. ओल्या हाताने चारी बाजूंनी पीठ ओढून मध्ये दुमडा. दर अर्ध्या तासाने असं तीनदा केलं की मळण्याची गरज उरत नाही. मग दुप्पट होऊ द्या. मे महिन्यात एकूण दीड-दोन तास पुरतात, थंडीत तीनही लागतात. घड्याळ न पाहता पीठ पाहा.

साधारण 25 बाय 35 सेंमीच्या ट्रेमध्ये 3 मोठे चमचे तेल ओता. पुसू नका, तळाशी थारोळं दिसलं पाहिजे. फोकाच्याचा तळ त्या तेलात अक्षरशः तळला जातो आणि सोनेरी होतो. पीठ हलक्या हाताने पसरा. आक्रसलं तर वीस मिनिटं थांबा, जोर लावू नका.

आता इटलीतल्या जेनोव्हाची खरी खुबी. तिथे याला सालामोया म्हणतात. 60 मिली कोमट पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात 30 मिली तेल घालून दुधाळ होईपर्यंत काट्याने फेटा. तेल लावलेली बोटं पिठात थेट ट्रेला टेकेपर्यंत खुपसा आणि हे मिश्रण खळग्यांमध्ये ओता. पीठ पाण्यात बुडालंय असं वाटेल, काळजी करू नका. आणखी 40 मिनिटं फुगू द्या. भट्टीत पाण्याची वाफ होते, खळगे ओलसर पांढरे राहतात आणि उंचवटे तांबूस होतात. 230 अंशांवर, खालच्या खणात, 18 ते 22 मिनिटं. बाहेर काढताच वर एक चमचा तेल लावा आणि लगेच जाळीवर घ्या. ट्रेमध्येच ठेवला तर तळ पुन्हा मऊ पडतो.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : मिक्सरमध्ये पेस्टो (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) केला, तो कडूजहर झाला. तेल चाखलं तर ठीक होतं.

मिक्सरच्या वेगाने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि एरवी तेलात दबून असलेला कडवट भाग पानांच्या पाण्यात उतरतो. घरचं मेयॉनीज या तेलात केल्यावर कडू होतं, तेही यामुळेच. 50 ग्रॅम बेसिलची पानं (तुळशीची चालत नाहीत, फार उग्र लागतात), एक लसूण पाकळी आणि 20 ग्रॅम चिलगोजे किंवा काजू हे 2 चमचे सूर्यफुलाच्या तेलात, थांबत थांबत वाटा. मिक्सरचं भांडं फ्रिजमधून काढलेलं असेल तर पानं काळी पडत नाहीत. मग 50 ग्रॅम किसलेलं पार्मेजान चीज आणि 60 मिली एक्स्ट्रा व्हर्जिन तेल चमच्याने मिसळा. जो कडू झालाय तो टाकू नका. इटलीच्या लिगुरिया प्रांतात पेस्टोच्या पास्त्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी घालतातच, त्यात कडूपणा बराच निभावतो.

प्रश्न (बेळगाव) : केकमध्ये 200 ग्रॅम बटरऐवजी 200 ग्रॅम ऑलिव्ह तेल घातलं. केक मध्ये खचला आणि तळाशी तेलकट, घट्ट थर बसला. का?

दोन कारणं. पहिलं मापाचं. बटरमध्ये मेद 80 टक्के, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे 200 ग्रॅम बटरला 160 ग्रॅम तेल (सुमारे 175 मिली) आणि 2 मोठे चमचे दूध. तुम्ही 40 ग्रॅम तेल जास्त घातलं. आपल्याकडचं बटर बहुधा खारं असतं, म्हणून तेलाबरोबर चिमूटभर मीठही घाला, नाहीतर केक मिळमिळीत लागतो.

दुसरं कारण हवेचं. बटर-साखर फेटताना बटरमध्ये हवा कोंडली जाते. तेल हवा धरत नाही, त्यामुळे ते साखरेबरोबर कितीही फेटलं तरी उपयोग नाही. इथे हवा अंड्यांनी धरायची. आमच्या केकच्या मापाने 3 अंडी आणि 170 ग्रॅम साखर बीटरने पाच मिनिटं फेटा. मिश्रण फिकट पिवळं झालं पाहिजे आणि बीटर उचलल्यावर पडणारी धार क्षणभर वर दिसली पाहिजे. मग 150 मिली तेल बारीक धारेने, बीटर चालू ठेवून. एकदम ओतलं तर तेल खाली बसतं आणि तुम्हाला दिसला तोच थर तयार होतो. नंतर 100 मिली दूध, एका संत्र्याच्या सालीचा कीस, 190 ग्रॅम मैदा, 8 ग्रॅम बेकिंग पावडर. मैदा उलथण्याने हलकेच मिसळा, बीटर बंद. 20 सेंमीच्या भांड्यात 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं.

संत्रं किंवा लिंबू वगळू नका, तेलाचा हिरवट वास त्याच्याबरोबरच खुलतो. तेल मात्र सौम्य जातीच्या ऑलिव्हचं हवं : स्पेनचं आर्बेकिना किंवा लिगुरियाचं ताज्जास्का. पिक्वाल, कोरोनेकी अशी तिखट तेलं कडधान्यांसाठी ठेवा. हा केक दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. बटर थंड झालं की थिजतं, तेल पातळच राहतं, म्हणून केक तीन-चार दिवस ओलसर राहतो.

प्रश्न (मेलबर्न) : शेजारच्या ग्रीक आजींनी ऑलिव्ह तेलातला रव्याचा हलवा दिला. अगदी आपल्या शिऱ्याच्या जातीचा. मी केला तर रवा कचकचीत राहिला.

तो ‘सिमिग्दालेनियोस हालवास’. ग्रीक घरांत त्याचं माप तोंडपाठ असतं : एक, दोन, तीन, चार. एक भाग तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. दूध-तूप-अंडी वर्ज्य असणाऱ्या, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात हा गोडाचा हुकमी पदार्थ, म्हणून मेद तेलाचा.

शिऱ्यात आपण भाजलेल्या रव्यावर आधी पाणी किंवा दूध घालतो, रवा फुलवतो, मग साखर. ग्रीक हलव्यात साखर पाण्यातच विरघळून येते, आणि साखरेच्या पाण्यात रवा सावकाश फुलतो. तुमचा पाक बहुधा तारेपर्यंत गेला. मग रव्याला फुलायला मोकळं पाणीच उरत नाही आणि तो कचकचतो.

लहान वाटीच्या (150 मिली) मापाने करा. 4 वाट्या पाणी, 3 वाट्या साखर, दालचिनीचा तुकडा, 2 लवंगा, संत्र्याच्या सालीची पट्टी. साखर विरघळल्यावर तीन-चार मिनिटंच उकळा. बोटांत चिकटपणा लागायच्या आत गॅस बंद, पण पाक गरम राहू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात 1 वाटी तेल आणि 2 वाट्या जाड रवा मध्यम आचेवर 12 ते 15 मिनिटं भाजा. शिऱ्यासाठी थांबतो त्याच्या पुढे जा. भाजलेल्या बदामाचा रंग आला की अर्धी वाटी सोललेले बदाम घाला. कच्चा राहिला तर हलव्याला तेलाची चव येते, खमंग भाजला तर तेल ओळखूच येत नाही.

पातेलं उतरवून पाक थोडा थोडा घाला. हात लांब ठेवा, तेल जबरदस्त उसळतं. पुन्हा मंद आचेवर ढवळा. कडा सुटून गोळा चमच्याबरोबर फिरू लागला की थांबा. पुढे परतत राहिलात तर तेल सुटून वर येतं. कापडाने झाकून 15 मिनिटं मुरू द्या, मग वाडग्यात दाबून बसवा, कोमट झाल्यावर उपडा करा, वर दालचिनीची पूड. गोड फार वाटलं तर साखर अडीच वाट्या चालते. पाणी कमी करू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : ऑलिव्ह तेलातली ग्रीक फरसबी टोमॅटोत तासभर शिजवूनही करकरीत राहिली.

टोमॅटोच्या आंबटपणात फरसबी लवकर मऊ पडत नाही, म्हणून टोमॅटो उशिरा घाला. 100 मिली तेलात कांदा मऊ करा, 500 ग्रॅम अख्खी फरसबी आणि एक वाटी पाणी घालून झाकणाखाली 20 मिनिटं शिजवा. मग 400 ग्रॅम किसलेला टोमॅटो, मीठ, बटाट्याच्या फोडी, आणखी 30 ते 35 मिनिटं. शेवटी झाकण काढून पाणी पूर्ण आटवा. भाजी फक्त तेलावर राहिली पाहिजे. तेल कमी केलंत तर ती निव्वळ उकडलेली भाजी होते. गरमगरम नको, कोमट खा.

प्रश्न (इंदूर) : ‘एक्स्ट्रा लाइट’ म्हणजे कमी कॅलरीचं का? आणि ‘पोमेस’ काय?

कॅलरी तेवढ्याच, मोठ्या चमच्याला सुमारे 120. ‘लाइट’ हे चवीला : रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन मिसळलेलं. पोमेस म्हणजे तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं आणि रिफाइन केलेलं तेल. तळणीला चालेल, कच्चं घेण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न (मडगाव) : सोललेला लसूण आणि ओली मिरची ऑलिव्ह तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली आहे. वास सुंदर येतो. किती दिवस टिकेल?

आजच टाकून द्या. लसूण जमिनीत वाढतो आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नसतो आणि ओट्यावर ऊब असते. अशा जागी तो वाढतो आणि जीवघेणं विष तयार करतो. ते ना वासाला कळतं, ना चवीला. लोणच्यात मीठ आणि आंबट भरपूर असतं म्हणून ते टिकतं, या बरणीला तो आधार नाही. लसणाचं तेल हवंच असेल तर अर्धी वाटी तेल आणि 6 ठेचलेल्या पाकळ्या थंडच एकत्र करून अगदी मंद आचेवर 10 मिनिटं ठेवा. पाकळी फिकट सोनेरी झाली की गॅस बंद, पुढे गेली तर कडू होते. गाळून पाकळ्या काढा, गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि 4 दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये तेल थिजेल. वापरण्याआधी हवं तेवढंच वाटीत काढून बाहेर ठेवा, बरणी लगेच परत आत.