वाचकांचे प्रश्न : इथिओपियाच्या उंच पठारांवरील लांडगा

गेल्या अंकात श्वानकुळातील दुर्मीळ प्राण्यांविषयी लिहिताना इथिओपियाच्या लांडग्याचा उल्लेख ओझरताच झाला होता. इथिओपियातील उंच पर्वतांखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा हा प्राणी सुमारे पाचशेच्या संख्येतच उरला आहे, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : छायाचित्रात हा प्राणी कोल्ह्यासारखा दिसतो. त्याला लांडगा का म्हणायचे? आणि आफ्रिकेत लांडगा आला कोठून?

उत्तर : तांबूस अंग, पांढरा गळा, लांब निमुळते तोंड, उंच पाय आणि टोकाला काळी पडलेली झुपकेदार शेपटी यांमुळे हा गैरसमज सहज होतो. अभ्यासकांचाही तो दीर्घकाळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडुआर्ड र्‍युपेल या जर्मन निसर्गतज्ज्ञाने उत्तर इथिओपियातील सिमियन पर्वतांतील नमुन्यावरून या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर कित्येक दशके तो ‘सिमियनचा कोल्हा’ म्हणूनच ओळखला जाई. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र त्याचे जवळचे नाते आफ्रिकेतील कोल्ह्यांशी नसून करडा लांडगा आणि अमेरिकेतील कायोटी यांच्याशी असल्याचे दाखवून दिले. वजनाने तो करड्या लांडग्याच्या मानाने हलकाच असतो : नर सुमारे सोळा किलोचा, तर मादी तेरा किलोच्या आसपास.

त्याचे पूर्वज युरेशियातून आफ्रिकेत आले, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो काळाविषयी. हे स्थलांतर सुमारे एक लाख वर्षांपूर्वी झाले असावे, असा अंदाज पूर्वी केला जात असे. परंतु इथिओपियातील मेल्का वाकेना येथे मिळालेल्या या लांडग्याच्याच एका अर्ध्या जबड्याचे वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे वय चौदा ते सोळा लाख वर्षांच्या दरम्यान ठरवण्यात आले. एका जबड्यावर किती भार टाकावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते मात्र जुना अंदाज आता जसाच्या तसा सांगत राहणे योग्य नाही.

प्रश्न : हे लांडगे टोळीने राहतात, पण शिकार एकेकटे करतात, असे वाचले. मग टोळी करून राहण्याचा उपयोग काय?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अन्नात आहे. दक्षिणेकडील बाले पर्वतांतील लांडग्यांच्या आहारात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा उंदरांच्या निरनिराळ्या जातींचा असतो. तीन-चार हजार मीटर उंचीवर रात्री पाणी गोठवणारी थंडी पडते, त्यामुळे तेथील बहुतेक उंदीर दिवसा बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे लांडगाही दिवसाच हिंडतो. या उंदरांपैकी सर्वांत मोठा, ‘जायंट मोल रॅट’ या नावाने ओळखला जाणारा आणि फक्त बाले परिसरात आढळणारा उंदीर वजनाने एका किलोच्या जवळपास जातो. तो जमिनीखाली राहतो आणि बिळाच्या तोंडाशी येऊन आसपासचे गवत ओढून नेण्यापुरताच थोडा वेळ अंग बाहेर काढतो. त्याला पकडायचे तर दबकत जवळ जायचे, बिळाशेजारी निश्चल थांबायचे आणि नेमक्या क्षणी झेप घ्यायची, हाच मार्ग असतो. अशा कामात सोबत्याची मदत होत नाही, उलट त्याच्या पावलांचा अडथळाच होतो. शिवाय एक उंदीर म्हणजे एकाचेच जेवण. त्यात वाटणी कसली करणार? लांब, अरुंद जबडा आणि विरळ बसलेले लहान दात हेही याच शिकारीला साजेसे आहेत.

टोळी लागते ती हद्द राखायला. जेथे उंदीर मुबलक आहेत, तेथे एका टोळीला सरासरी सहा चौरस किलोमीटर जागा पुरते. पण अशी जागा फार थोडी असल्याने शेजारच्या टोळीचा डोळा तिच्यावर सतत असतो. म्हणून पहाटे आणि सायंकाळी सगळी टोळी एकत्र येते, एकमेकांना भेटते आणि हद्दीवरून फेरी मारत मूत्राच्या खुणा ताज्या करते. शेजाऱ्यांशी गाठ पडली तर बहुधा जास्त संख्येची टोळी समोरच्यांना मागे हटवते. दुसरे काम पिल्लांचे. टोळीतील प्रमुख मादीच वर्षातून एकदा विते; मात्र तिच्या दोन ते सहा पिल्लांना अन्न उलटून भरवणे, गुहेपाशी राखण करणे ही कामे सगळेच करतात आणि कधीकधी दुय्यम दर्जाची मादीही पिल्लांना दूध पाजते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. नर जन्मलेल्या टोळीतच राहतात आणि दोन वर्षांच्या सुमारास काही माद्या बाहेर पडतात. पण रिकामी जागा नसल्यामुळे बाहेर पडूनही त्यांना जायला फारसे ठिकाण नसते. अशा वेळी एका टोळीत सगळेच एकमेकांचे नातलग होण्याचा धोका उरतो. तो टाळला जातो तो समागमाच्या सवयीमुळे : बाले येथील निरीक्षणांत सुमारे सत्तर टक्के समागम शेजारच्या टोळ्यांतील नरांशी झालेले आढळले. हद्दीवरून एकमेकांना हुसकावणाऱ्या शेजाऱ्यांचे हे दुसरे रूप मला फार विलक्षण वाटते.

एकट्याने शिकार करणारा हा प्राणी इतरांच्या सान्निध्याचा लाभ मात्र घेतो. मेन्झ भागातील गुआसा पठारावर गवत खाणाऱ्या गेलाडा माकडांच्या मोठ्या कळपांत लांडगे निवांतपणे वावरतात, माकडांच्या पिल्लांना हात लावत नाहीत आणि उंदरांवर लक्ष ठेवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार माकडांमध्ये असताना त्यांचे ६७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, तर एरवी केवळ २५ टक्के. चरणाऱ्या माकडांमुळे उंदीर विचलित होत असावेत किंवा त्यांना लांडग्याची चाहूल लागत नसावी.

प्रश्न : हे लांडगे फुलांतील मधुरस चाटतात, हे खरे आहे का?

उत्तर : होय. निफोफिया या वनस्पतीच्या लाल-पिवळ्या तुऱ्यांवरील मधुरस चाटतानाची त्यांची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. काही लांडगे एका फेरीत तीसपर्यंत तुऱ्यांना भेट देताना दिसले आणि त्यांच्या तोंडाला परागकण चिकटलेले होते. त्यामुळे परागीकरण होते का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मांसाहारी प्राण्याच्या दृष्टीने ही नवलाची गोष्ट खरी, पण त्याचे पोट उंदरांवरच चालते.

प्रश्न : संख्या एवढी कमी होण्यास शिकारच कारणीभूत असेल ना? कातड्यासाठी मारतात का?

उत्तर : या प्राण्याच्या कातड्याचा म्हणावा असा व्यापार नाही. राजकीय अस्थिरतेच्या काळात, हत्यारे सर्वत्र पोहोचलेली असताना, काही लांडगे गोळीला बळी पडले. उत्तरेकडील भागांत मेंढ्या-करडांच्या नुकसानीचा राग त्याच्यावर निघतो, हेही खरे. तरीही आज त्याला एका झटक्यात संपवू शकणारी गोष्ट म्हणजे कुत्र्यांकडून येणारा रोग.

गुराख्यांबरोबर येणारे कुत्रे गुरे आणि घर राखण्यासाठी असतात. त्यांना मोकळे सोडलेले असते, पुरेसे खाणे घातले जात नाही आणि ते लांडग्यांच्याच माळावर उंदीर व मेलेली जनावरे शोधत फिरतात. त्यांच्यातील रेबीज लांडग्याला झाला की पुढचे काम टोळीची जीवनपद्धतीच करते. रोज एकत्र येऊन तोंडाला तोंड लावणारी ही जनावरे काही आठवड्यांत टोळीच्या टोळीने मरतात. बाले पर्वतांत १९९०च्या दशकाच्या आरंभी, २००३-०४ मध्ये, २००८-०९ मध्ये आणि २०१४ मध्ये रेबीजच्या साथी आल्या. त्यांतील मोठ्या साथींत वेब खोऱ्यासारख्या भागातील सुमारे तीन-चतुर्थांश लांडगे दगावले. कुत्र्यांकडूनच येणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगानेही २००६, २०१० आणि २०१५ मध्ये तडाखा दिला. यांतील शेवटची साथ तर रेबीजमधून सावरण्याआधीच आली.

अनेक वाचकांनी पुढचा प्रश्न केला आहे : मग सर्व कुत्र्यांना लस का देत नाहीत? ती दिली जाते. प्राणिशास्त्रज्ञ क्लाउडिओ सिलेरो-झुबिरी यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला इथिओपियन लांडगा संवर्धन कार्यक्रम पुढच्याच वर्षापासून बालेच्या आसपासच्या गावांत कुत्र्यांना लस टोचत आला आहे. रेबीजने गुरे आणि माणसेही मरत असल्यामुळे गावकऱ्यांना त्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. अडचण अशी, की कुत्र्यांचे आयुष्य तेथे फार लांब नसते, दरवर्षी नवी पिल्ले येतात आणि ‘गोदांतू’ या हंगामी स्थलांतराच्या प्रथेनुसार दुरून गुरे वर चढतात तेव्हा त्यांच्याबरोबर लस न दिलेले कुत्रेही येतात. त्यामुळे कुत्र्यांच्या लसीकरणाने धोका घटतो, पण दार पूर्णपणे बंद होत नाही.

म्हणून लांडग्यालाच लस देण्याचा विचार पुढे आला आणि या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. एरवी लसीकरणाचे उद्दिष्ट रोगाचा प्रसार थांबवणे हे असते आणि त्यासाठी बहुसंख्यांना लस द्यावी लागते. रानटी लांडग्यांपैकी बहुसंख्यांना पकडणे जवळजवळ अशक्य आहे. पण येथे उद्दिष्टच निराळे ठेवता येते : काही लांडगे मेले तरी चालतील, मात्र समूह इतका खाली जाऊ नये की तो पुन्हा उभाच राहणार नाही. गणिती प्रारूपांनी दाखवले, की एवढ्यासाठी वीस ते चाळीस टक्के लांडग्यांना लस देणेही पुरेसे ठरू शकते. २००३-०४च्या साथीत याची कसोटी लागली. रोग वेब खोऱ्यात पेटलेला असताना संवर्धकांनी तेथे शक्ती खर्च न करता खोऱ्याला शेजारच्या समूहांशी जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यांतील टोळ्यांना पकडून लस टोचली आणि साथ उरलेल्या बालेत पसरली नाही.

पकडण्याचा त्रास आणि धोका टळावा म्हणून नंतर तोंडावाटे देण्याच्या लसीच्या चाचण्या झाल्या. बकरीच्या मांसाच्या तुकड्यात दडवलेली लस टोळ्यांच्या हद्दीत ठेवली जाते आणि लांडगे ती आवडीने खातात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बालेत या लसीची पहिली नियमित मोहीम सुरू झाली. डिस्टेंपरच्या बाबतीत अशी सोय अजून नाही.

कुत्र्यांशी संकर हाही एक धोका असून वेब खोऱ्यात असे संकरित प्राणी आढळले आहेत. शक्य तेथे त्यांची नसबंदी करण्यात आली.

प्रश्न : एवढा मोठा देश असताना हे लांडगे मोजक्याच डोंगरांवर का अडकले? त्यांना खाली उतरता येत नाही का?

उत्तर : उतरता येते, पण खाली त्यांचे उंदीर नाहीत आणि त्या उंदरांना लागणारे गवताळ पठारही नाही. हिमयुगात, हवामान थंड असताना, अशी पठारे आजच्यापेक्षा खूप खालपर्यंत पसरलेली होती. हवा उबदार झाली तशी ती वर वर सरकत गेली आणि निरनिराळ्या शिखरांभोवती तुटक बेटांसारखी उरली. त्यातच पूर्व आफ्रिकेची महाखचदरी (रिफ्ट व्हॅली) मधून गेल्यामुळे बाले व आर्सी हे दक्षिणेकडील समूह उत्तरेतील सिमियन, वोलो आणि मेन्झच्या समूहांपासून कायमचे वेगळे पडले. आज सगळे मिळून सहा समूह आहेत आणि निम्म्याहून अधिक लांडगे एकट्या बालेत आहेत.

निसर्गाने सुरू केलेले हे आकुंचन शेतीने वेगाने पुढे नेले. ३,२०० मीटरच्या वरच्या जमिनीपैकी सुमारे साठ टक्के जमीन लागवडीखाली गेली असून उत्तरेत जवाची शेते ३,५०० मीटरच्याही वर चढली आहेत. गोश मेडा आणि गुना पर्वतांवरील छोटे समूह गेल्या काही दशकांतच नाहीसे झाले. जेथे पंधरा-वीसच लांडगे उरतात, तेथे एखादी साथ किंवा दोन-तीन वाईट वर्षे पुरेशी होतात, आणि शेजारच्या डोंगरावरून नवे लांडगे येण्याची वाट बंद झालेली असते.

याला मेन्झमधील गुआसाचा अपवाद सांगण्याजोगा आहे. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या या पठाराचा कारभार सतराव्या शतकापासून स्थानिक लोक ‘केरो’ या व्यवस्थेने पाहत आले. निवडलेल्या प्रमुखाच्या देखरेखीखाली पठार काही वर्षे चराई, गवतकापणी आणि सरपणासाठी बंद ठेवायचे आणि मग ठरावीक काळासाठी खुले करायचे, असा तो नियम होता. छपराला आणि दोरांना लागणारे गुआसा गवत टिकावे हा त्यामागील हेतू. लांडग्यासाठी कोणी काही केले नव्हते. १९७५ च्या जमीन सुधारणांनंतर ती व्यवस्था मोडली, तेव्हा पठाराची हानी झाली. पुढे गावकऱ्यांनी नव्या स्वरूपाच्या समित्यांमार्फत ती पुन्हा उभी केली आणि गवताबरोबर उंदीर व लांडगेही राहिले. राष्ट्रीय उद्यानाची पाटी लावली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी गुआसाची ही हकीकत अवश्य लक्षात घ्यावी. उद्यानांचे महत्त्व मी नाकारत नाही, पण १९७० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२३ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बाले उद्यानातही वस्ती, गुरे आणि कुत्रे आहेतच.

प्रश्न : काही जोड्या प्राणिसंग्रहालयात ठेवून संख्या वाढवता येणार नाही का?

उत्तर : सध्या जगातील एकाही प्राणिसंग्रहालयात हा लांडगा नाही. समूह इतके लहान आहेत की जोड्या पकडून नेणे हेच त्यांना परवडणारे नाही. शिवाय पिंजऱ्यात वाढलेल्या लांडग्यांना सोडायचे कोठे, हा प्रश्न उरतोच, कारण कमतरता जागेचीच आहे. जखमी प्राण्यावर उपचार करून त्याला परत सोडणे ही वेगळी बाब झाली. सिमियनमध्ये २०२० साली गोळीने पाय मोडलेल्या एका लांडग्याच्या बाबतीत हे यशस्वीपणे करण्यात आले.

प्रश्न : त्याला पाहायचे असल्यास कोठे जावे?

उत्तर : बाले उद्यानातील सानेत्ती पठारावर. सुमारे ४,००० मीटर उंचीवरून जाणारा रस्ता या पठाराला ओलांडतो आणि प्राणी दिवसा हिंडणारा असल्याने तो दिसण्याची शक्यता चांगली असते. इतक्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होतो, त्यामुळे आदल्या दिवशी खाली मुक्काम करून शरीराला सवय होऊ द्यावी. रस्त्यावर लांडगे वाहनाखाली सापडल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून चालकाला वेग कमी ठेवण्यास सांगावे, गाडीतून खाणे टाकू नये आणि विणीच्या हंगामात गुहेजवळ जाण्याचा आग्रह मार्गदर्शकाकडे धरू नये.