चांदी वीज सगळ्यात चांगली वाहते, मग ती सुपरकंडक्टर (खूप थंड केल्यावर ज्याचा रोध शून्य होतो असा पदार्थ) का होत नाही? इलेक्ट्रॉनिक रचनेचा यात काय संबंध?

याच प्रश्नावर एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझे मार्क गेलेत, म्हणून लिहितोय.

आमचं घर हुपरीचं, वडिलांचा पैंजणांचा धंदा. कोल्हापुरात तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "चांदी आणि शिसं दोन्ही थंड करत नेलं, तर आधी सुपरकंडक्टर कोण होईल?" मी म्हणालो, शिसं, ७.२ केल्व्हिनला, चांदी होतच नाही. ते म्हणाले, "चांदीच्या गावचा ना तू? सगळ्यात चांगला सुवाहक कोणता?" कारण सांगायला तोंड उघडलं, तर पुढचा प्रश्न आला.

ते परीक्षक चूक होते. सुपरकंडक्टर व्हायला इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमाव्या लागतात. साध्या धातूंत त्या जमतात लॅटिसच्या, म्हणजे अणूंच्या जाळीच्या, कंपनांमुळे. चांदीचा डी-पट्टा (डी-कक्षांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) पूर्ण भरलेला, फर्मी पातळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन भरलेल्या सगळ्यात वरच्या ऊर्जेच्या, जवळपास ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली. वीज वाहतात ते सगळ्यात बाहेरचे एस-इलेक्ट्रॉन. फर्मी पातळीपाशी त्यांच्या अवस्था विरळ आणि कंपनांशी गाठ सैल. गाठ सैल म्हणून रोध कमी, आणि त्याच कारणानं जोड्याही जमत नाहीत. शिशाची गाठ घट्ट: नेहमीच्या तापमानाला रोध चांदीच्या तेरापट, पण जोड्या पक्क्या. नायोबियमचा डी-पट्टा अर्धवट भरलेला, फर्मी पातळीवरच, तिथं अवस्था दाट, म्हणून तो ९.२ केल्व्हिनला सुपरकंडक्टर होतो.

त्या रात्री घरी सांगितलं, तर वडिलांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मग आपली चांदी कुठं कमी पडली रं?" कमी नाही पडली, म्हटलं, तिचे इलेक्ट्रॉन कुणाला अडखळत नाहीत एवढंच. त्यांना ते लगेच पटलं. परीक्षकांना दोन मिनिटं ऐकायला काय झालं होतं?

तांबं-सोन्याचंही चांदीसारखंच. क्युप्रेटला, म्हणजे तांबं-ऑक्सिजनचे थर असलेल्या संयुगांना, मात्र हा हिशोब लावू नका. त्यातलंच लँथॅनम कॉपर ऑक्साइड बँड थिअरीनुसार, म्हणजे या पट्ट्यांच्या हिशोबानं, धातू हवं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके ढकलतात की जागीच अडकतात आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. बेरियम घालून थोडे इलेक्ट्रॉन कमी केले, तेव्हा १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना ३० केल्व्हिनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. तिथं जोड्या कशानं जमतात यावर अजून एकमत नाही. आणि चांदी 'होतच नाही' म्हणजे आजवर मोजलेल्या तापमानापर्यंत, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तुम्हाला तोंडीला हे विचारलं, तर 'शिसं' म्हणून थांबू नका. त्याच श्वासात तेरापटीचा आकडा सांगा, समोरच्यानं हात वर केला तरी.