पिल्लू आहे तोवर किडे लागणारच

प्रश्न : आमच्या थोरल्या लेकानं हट्ट धरून कोल्हापुरातनं बिअर्डेड ड्रॅगन जातीच्या सरड्याचं पिल्लू आणलंय. दुकानदारानं अडीच महिन्यांचं म्हणून सांगितलं. आमचं जैन घर. किडे घालणं आम्हाला जमायचं नाही, आईंना तर बघवणारही नाही. पालक, काकडी, चपातीचा तुकडा, थोडं पनीर देतोय. आधी बरं होतं, आता मागचे पाय ओढत चालतंय, उचललं की थरथरतंय. नुसत्या भाजीपाल्यावर ते वाढेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, पाय ओढणं आणि थरथरणं आधी घेते, कारण त्याला वेळ नाही. शरीरातलं कॅल्शियम घटल्याची ही लक्षणं असू शकतात. हे वाचाल त्याच दिवशी पिल्लू सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. निरोगी पिल्लाचा खालचा जबडा टणक असतो. हाडं मऊ झालेल्या पिल्लाचा जबडा तपासताना बोटाखाली रबरासारखा दबतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका.

आता तुमचा प्रश्न. नाही, नुसत्या भाजीपाल्यावर ते वाढणार नाही. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. मोठा झाला की बहुतेक पाला खातो, पण वाढीच्या महिन्यांत त्याचं पाऊण पोट किड्यांनी भरावं लागतं, पाव पाल्यानं. वर्षभराचा झाल्यावर हे प्रमाण उलटतं, तरी किडे पूर्ण सुटत नाहीत. किडा जिवंत घातला म्हणजे आपण मारला नाही, असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. तुमच्या घरचा धर्म मला कळतो, आईंचा जीव कळवळतो तो खराच आहे. पण पिल्लाची उपासमार हीसुद्धा हिंसाच. म्हणून घरात सगळ्यांनी बसून ठरवा. लेक स्वतःच्या खोलीत सगळं करणार असेल आणि वडीलधाऱ्यांची त्याला हरकत नसेल, तर ठेवा. नाहीतर जिथं हे नीट होईल अशा घरी पिल्लू द्या, आणि लेकाला बरोबर नेऊन द्या.

ठेवायचं ठरलं तर निपाणीकरांना एक गोष्ट जीव तोडून सांगते : शेतातले किडे धरून आणू नका. तुमच्याकडं तंबाखू, सोयाबीन, ऊस, सगळीकडं फवारणी होते. तंबाखूच्या पानावर पोसलेल्या अळीच्या पोटात निकोटिनही असतं. पाळून वाढवलेलेच रातकिडे किंवा डुबिया झुरळं मागवा. रेशमाची अळी फार चांगली, मऊ आणि पचायला हलकी. रेशमात कर्नाटक देशात पहिला आहे. जवळपास कुणी कोष काढत असेल आणि त्याची तुती बिनफवारणीची असेल, तर त्याच्याकडं लहान अळ्या मागून बघा. मिलवर्म नावाच्या अळीचं कवच जाड, ती या वयात नको.

किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. मोठा घास आणि कमी ऊब एकत्र आली की आतडं तुंबतं, मागचे पाय लुळे पडू शकतात. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढंच. उरलेले किडे वेचून बाहेर काढा, रात्री तेच पिल्लाला चावतात. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, हिरवा पाला खायला घाला, त्यांच्या पोटातलं शेवटी पिल्लाच्या पोटात जातं. रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. म्हणून झाकणाच्या डब्यात फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पावडर चिमूटभर टाकायची, त्यात किडे सोडून डबा हलकेच फिरवायचा. किडे पांढरट दिसले की लगेच घालायचे. वेळ लावला तर ते अंग साफ करून पावडर झटकून टाकतात.

पाल्यातला पालक आजपासून बंद. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. चुका, राजगिरा, अळू हेही नको. शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, जास्वंदीचं फूल, किसलेला लाल भोपळा द्या, सगळं बारीक चिरून. काकडीत पाण्याशिवाय फारसं काही नाही. चपाती आणि पनीर त्याचं अन्नच नाही, दूध त्याला पचत नाही. दिव्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलंय, ते तुम्हीही वाचा. नुसतं खाणं सुधारून तुमच्या पिल्लाचे पाय सावरणार नाहीत.

प्रश्न : पावसाच्या तोंडावर आमच्या परड्यात काजवे भरपूर असतात. पोरं ते आमच्या बिअर्डेड ड्रॅगनला घालू का म्हणून विचारतात. चालेल का?
– खानापूर

उत्तर : अजिबात नाही, एकसुद्धा नाही. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगातल्या विषानं बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचे काजवे खपतील का, हे बघायला आपलं पिल्लू पणाला लावू नका. पोरांना हे समोर बसवून सांगा. आणि संध्याकाळी पेटीजवळची खिडकी बंद ठेवा, काजवा चुकून आत येऊ शकतो.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू आहे. खिडकीत ऊन येतं म्हणून पेटी तिथंच ठेवतो. पाऊस लागल्यापासून खाणं एकदम कमी झालंय. औषध सांगा.
– वडगाव, बेळगाव

उत्तर : औषध नको, ऊब हवी. बेळगावात पाऊस लागला की कितीतरी दिवस ऊन दिसत नाही हे तुम्ही जाणताच. अंग तापल्याशिवाय या प्राण्याला अन्न पचत नाही, मग ते खाणं टाळतं. पेटीच्या एका टोकाला बसायचा दगड ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापला पाहिजे, दुसरं टोक २५-२८ अंशांवर. दगडावर थर्मामीटर टेकवून मोजा, हातानं अंदाज घेऊ नका. सकाळी दिवा लावल्यावर तास-दोन तासांनी पहिलं खाणं, आणि दिवा मालवायच्या दोन तास आधी शेवटचं.

खिडकीचं ऊन उन्हाळ्यातही पुरलं नसतं. हाडांसाठी लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून आत येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियमची पावडर कितीही घाला. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या, दिवसाला दहा-बारा तास लावा. उजेड तसाच दिसला तरी तिचे किरण ओसरतात. बहुतेक ट्यूबा सहा महिने ते वर्षानं बदलाव्या लागतात. पाकिटावरची मुदत बघा आणि बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला पेननं लिहून ठेवा. ऊब नीट मिळूनही आठवड्यात खाणं वाढलं नाही, तर पिल्लाच्या विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा. पोटातले जंतही भूक मारतात.