नोकरी सोडून स्वस्त देशांत फिरायचं आणि त्याच व्हिडिओंवर जगायचं, हे जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी आहे, थोडीफार शिल्लक आहे, मागे फार जबाबदाऱ्या नाहीत. राहणं स्वस्त असलेल्या देशांत दर आठ-पंधरा दिवसांनी मुक्काम हलवायचा, यूट्यूबवर प्रवासाचं चॅनेल चालवायचं आणि त्यातून खर्च भागवायचा. राजीनामा किती सबस्क्रायबर झाल्यावर द्यावा, आणि कॅमेरा कुठला घ्यावा, हेही तुम्ही विचारलंय.

मी स्वतः असे व्हिडिओ करत नाही, दुसऱ्यांचे एडिट करते. त्यामुळे पडद्यावर न आलेलंही सगळं मला दिसतं. रात्रभर विमानतळावर ताटकळलेला माणूस व्हिडिओत चार सेकंदांत मावतो, आणि ती कात्री बहुतेक वेळा माझीच असते.

जमतं, पण तुम्ही आखलंय तसं जमणं अवघड. तुमच्या बेतातल्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतायत. स्वस्तात राहायचं तर एका जागी बूड टेकावं लागतं. चॅनेल वाढवायचं तर सारखं नवं काही दाखवावं असं वाटतं, म्हणून माणूस पळत राहतो. आणि पैसा जातो तो पळण्यातच.

आधी खर्चाचं बोलू. ‘अमुक शहरात महिन्याला एवढ्यात भागतं’ असे आकडे तुम्ही वाचले असतील. ते बहुधा खोटे नसतात, फक्त ते तिथे राहणाऱ्याचे असतात. त्याच्याकडे वर्षाचा भाडेकरार असतो, स्वयंपाकघर असतं, महिन्याचा बसपास असतो आणि कुठल्या दुकानात काय घ्यायचं हे पाठ असतं. पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. तो रात्रीच्या हिशेबानं भाडं भरतो. घर साफ करण्याचं शुल्क मुक्कामागे एकदाच लागतं, म्हणजे तीन रात्री राहिलात तर तीन रात्रींवर पडतं आणि महिनाभर राहिलात तर जाणवतही नाही. एअरबीएनबीवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घरं भाड्यानं मिळतात त्या साइटवर, महिन्याची सूट २८ रात्रींपासून सुरू होते, हे लक्षात ठेवा. पंचवीस रात्रींचं भाडं २८ रात्रींपेक्षा जास्त दिसलं तर दचकू नका, होतं तसं.

विमानाचं तिकीट हा तर वेगळाच खेळ. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, कारण कंपनी जागा टप्प्याटप्प्यानं विकते आणि स्वस्त टप्पा संपला की पुढचा उघडते. स्वस्त विमान कंपन्यांचा मूळ भाव खरंच कमी असतो, पण तो पाठीवर एक छोटी पिशवी घेऊन जाणाऱ्यासाठी. तुम्ही लॅपटॉप, कॅमेरा, ट्रायपॉड आणि बॅटऱ्यांचा ढीग घेऊन निघणार. सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) साधारणपणे चालतात, १०० ते १६० च्या मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे हातातली बॅग मोठी, म्हणजे वरचं भाडं, आणि हे प्रत्येक उड्डाणाला. ड्रोन असेल तर मोरोक्कोसारख्या देशात तो आत नेण्यावरच बंदी आहे. विमानतळावर ताब्यात घेतलेला ड्रोन परत मिळवण्याची खटपट मी एका व्हिडिओत पाहिली. पाहिली म्हणजे कापली, कारण ती कंटाळवाणी होती.

एक बारीक गळती सांगते, कारण ती कुठल्याच ‘महिन्याचा खर्च’ व्हिडिओत दिसत नाही. परदेशात एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन विचारतं, ही रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वळती करून घेऊ का? आकडा ओळखीच्या चलनात दिसतो, बटण मोठं आणि हिरवं असतं, बोट तिकडेच जातं. तिथे नाही म्हणायचं आणि स्थानिक चलन निवडायचं. हो म्हटलं की भाव मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या सोयीचा कधीच नसतो. नाही म्हटलं की तुमच्या कार्डाचा भाव लागतो, तो बहुतेक वेळा बरा असतो. हॉटेलच्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, आणि कधीकधी काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारताच उत्तर देऊन मोकळा होतो.

आता मिळकत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं ही अट आहे, २०१८ पासून. सबस्क्रायबर त्या मानानं सोपे, तासांनी दम निघतो. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणसं सरासरी चार मिनिटं बघत असतील तर ६०,००० वेळा तो बघितला गेला पाहिजे. शॉर्ट्स म्हणजे यूट्यूबचे उभे, छोटे व्हिडिओ; त्यांच्या फीडमध्ये बघितलेली मिनिटं यात धरत नाहीत, त्यांची अट वेगळी आहे: ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. जाहिरातीच्या पैशांतला ५५ टक्के वाटा मोठ्या व्हिडिओला मिळतो. शॉर्ट्सला ४५ टक्के, आणि तोही सगळ्यांच्या सामायिक रकमेतून तुमच्या वाट्याला येईल त्याचा. व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर गेला की मध्येही जाहिरात लावता येते. नऊ मिनिटांचे इतके व्हिडिओ का दिसतात, याचं उत्तर तुम्हाला आता मिळालं असेल.

पण याहून महत्त्वाचं असं की हजार व्ह्यूजना किती पैसे मिळणार, हे बघणारा कुठे बसलाय यावर ठरतं. तुम्ही कुठे बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जाहिरातदार बघणाऱ्याच्या खिशासाठी बोली लावतात. श्रीमंत देशातला प्रेक्षक आणि स्वस्त देशातला मुक्काम अशी जोडी जमली तर गणित सुरेख बसतं, आणि तुम्हाला भुरळ घालणारे बहुतेक व्हिडिओ याच जोडीतून आलेत. तुमचा प्रेक्षक तुमच्याच भाषेतला आणि तुमच्याच देशातला असेल तर मिळकत तिथल्या जाहिरातींच्या भावानं येणार. मग दुसऱ्याला फुकट वाटणारं शहर तुम्हाला फुकट वाटेलच असं नाही. आपला प्रेक्षक कोण, हे ठरवण्याआधी देशांची यादी करू नका.

शिवाय हा पैसा सारखा येत नाही. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातदार बजेट संपवत असतात, तेव्हा भाव चढतो. जानेवारी उजाडला की धाडकन खाली येतो, व्ह्यूज तेवढेच असले तरी. डिसेंबरच्या आकड्याकडे बघून राजीनामा देणाऱ्यांबद्दल मला नेहमी धाकधूक वाटते.

मग पळावं की बसावं? मी एडिट करताना काय बघते ते सांगते. प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मिळतो, कुठल्या सेकंदाला किती माणसं टिकून होती त्याचा. सुरुवातीला तो घसरतोच, ते सगळ्यांचं होतं. त्यानंतरचं बघण्यासारखं असतं. ड्रोनचं डोंगरावरून संथ दृश्य, मागे पियानो, ज्यासाठी माणूस पहाटे उठून धापा टाकत चढलेला असतो, तिथे रेघ खाली जाते. आणि तोच माणूस खोलीत टेबलावर पावत्या पसरून ‘हे भाडं, हे वीजबिल, हे सिमकार्ड’ असं बोलायला लागला की रेघ सपाट होते. कधी वरही उचलते, म्हणजे लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत. दृश्य सुंदर असतं, पण ते प्रेक्षकानं आधी दहा ठिकाणी पाहिलेलं असतं. वीजबिल पाहिलेलं नसतं.

हे पावत्यांचे व्हिडिओ एका जागी राहिल्याशिवाय होतच नाहीत. पंधरा दिवसांत वीजबिल येत नाही. दातदुखीला तिथल्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ येत नाही, घरमालक अनामत परत करताना काय काय कापतो ते कळत नाही. दोन-तीन महिने राहिलात तर एका मुक्कामातून घर शोधणं, विमा, बाजार, इंटरनेट, परवाने, न आवडलेल्या गोष्टी असे डझनभर विषय निघतात, आणि प्रवासभाडं मात्र एकदाच लागतं. शिवाय असे विषय लोक शोधून बघतात. ‘विमानतळावरून शहरात कसं जायचं’ हा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात कुणी विचारत नाही आणि मग वर्षभर रोज थोडा थोडा चालतो. नुसत्या फिरण्याच्या व्हिडिओचं उलट, चार दिवस गाजावाजा आणि मग सामसूम. पहिल्या प्रकाराची खोट अशी की भाव शिळे होतात. दोन वर्षांनी खाली प्रतिक्रिया यायला लागते, ‘आता दुप्पट झालंय’. म्हणून आकडा सांगताना महिना आणि वर्ष पडद्यावर टाका. आणि स्थानिक चलनात सांगा, विनिमय दर रोज बदलतो.

मी तुमच्या जागी असते तर महिना-दोन महिन्यांच्या खाली मुक्काम ठेवला नसता. नवेपणाची भूक भागवायला आसपासच्या एक-दोन दिवसांच्या फेऱ्या पुरतात, मोठी बॅग खोलीवरच ठेवून.

खर्चाचे व्हिडिओ बघताना एक करा: काय सांगितलं नाही ते मोजा. तिथवर पोचण्याचं भाडं, व्हिसा, प्रवासविमा, मागे राहिलेल्या घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता, कॅमेऱ्याची झीज. आणि राहण्याचा खर्च शून्य दिसला तर हॉटेलनं व्हिडिओच्या बदल्यात खोली दिलेली असू शकते. त्यात गैर काही नाही, पण ते सांगायला हवं. यूट्यूबवर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते, आणि बऱ्याच देशांत कायदाही तेच म्हणतो.

‘स्वस्त’ जागा स्वस्त राहत नाहीत, हेही धरून चाला. पर्यटकांना घरं देण्यावरून ठिकठिकाणी स्थानिक लोक वैतागलेत. बार्सिलोनानं २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना सदनिका भाड्यानं देण्याचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, दहा हजारांहून जास्त आहेत ते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांच्या आत घर द्यायचं तर घरमालकानं नोंदणी करून स्वतः तिथे राहावं लागतं. तुम्ही यादीत टाकलेल्या शहराचा असा नियम आधी बघा, कारण अल्पमुदतीच्या घरांचा भाव त्यानं पार बदलतो.

व्हिसाबद्दल मी वकील नाही, पण एवढं नक्की की पर्यटक व्हिसा म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे, आणि व्हिडिओतून पैसे मिळवणं काम धरायचं की नाही हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, फिरायचं म्हणाल तर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, बस. एस्टोनियानं २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला, नंतर कित्येक देशांनी काढले. पण त्यांना महिन्याच्या ठरावीक मिळकतीचा पुरावा लागतो. पगार असलेल्याला तो सहज दाखवता येतो. तुमचा जानेवारी तिथे आडवा येईल. आणि १८३ दिवसांच्या वर एका देशात राहिलात तर बहुतेक ठिकाणी कराचा प्रश्न उभा राहतो. तो तिकीट काढण्याआधी विचारायचा असतो.

किती सबस्क्रायबर, हा प्रश्न मी बाजूलाच ठेवेन. लाखभर सबस्क्रायबर असून भाड्याची ओढाताण चाललेली चॅनेलं मी हाताळलीत, आणि दहा-पंधरा हजारांवर व्यवस्थित चाललेलीही. या दहा-पंधरा हजारवाल्यांकडे जाहिरातीशिवाय काहीतरी असतं: कुणाला सल्ला देणं, लिखाण, भाषांतर, एखादा अभ्यासक्रम. तुम्ही सलग १२ महिन्यांची मिळकत मांडा आणि त्यातला सगळ्यात वाईट महिना घ्या, सरासरी नको. त्या महिन्यात तुमचा एका जागी राहण्याचा खर्च निघत असेल, आणि सहा महिने पुरेल एवढी शिल्लक त्याला हात न लावता पडून असेल, तर राजीनाम्याचा विचार करा. तोवर नोकरीत राहून सुट्ट्यांमध्ये एकेक शहर करा. चाचणीही होते, आणि ४,००० तासांचं घड्याळही पगारावर चालतं.

कॅमेरा: हातात आहे तो फोन पुरेल. पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माइकवर घाला, चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की जातात. आणि दोन हार्ड डिस्क घ्या. दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका.